गोव्याच्या थंडीत अनवाणी चालायची सवय: पायाला नेमकं काय होतं

गोव्यात थंडी ती कसली, असं घाटावरचे पाहुणे हसून म्हणतात आणि आकडे बघितले तर त्यांचं बरोबरच आहे. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा साधारण 20 डिग्रीच्या आसपास असतो, वाळपई-सांगे बाजूला आत गेलात तर आणखी थोडा खाली, बस. तरी आपल्याकडे कानटोप्या निघतात, शेकोट्या पेटतात आणि कोणी सकाळी चप्पल न घालता अंगणाबाहेर पडला की घरातून आजीची हाक येतेच, "अरे, थंडी बाधेल, सर्दी होईल!" पण अनवाणी चालायची सवय लावायची तर आपल्याकडे हाच सीझन बरा. मार्च लागला की वाळू आणि डांबर चटके देतं, जूनपासून चिखल, मधल्या या नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीच्या दिवसांत जमीन कोरडी असते, सकाळी तापलेली नसते आणि चालून घामही फारसा निघत नाही.

आता मुद्द्यावर येतो. "सवय होते" असं आपण एका दमात म्हणून टाकतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, गार लागणं कमी होतं, त्याला थोडेच दिवस पुरतात. दोन, तळव्याची कातडी तयार होते, त्याला आठवडे लागतात. तीन, पायाचे स्नायू, कंडरा आणि हाडं नव्या कामाला सरावतात, त्याला महिने. घोळ इथेच होतो, कारण पहिलं काम पटकन होतं आणि माणसाला वाटतं झालं, जमलं आपल्याला, मग तो एका रविवारी मिरामारहून दोनापावलापर्यंत अनवाणी जाऊन येतो आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरतो. थंडीने गोव्यात कोणाचा पाय गेलाय असं होत नाही, पण घाईने महिनाभर लंगडणारे मात्र भेटतात.

आधी गार का लागतं ते बघू. पहाटे एक पाय फरशीवर ठेवा आणि दुसरा चटईवर. रात्रभर एकाच खोलीत असल्यामुळे दोन्हींचं तापमान जवळपास सारखंच असतं, तरी फरशी गार आणि चटई बरी वाटते. पायाला तापमान कळतं त्यापेक्षा जास्त कळतं ते आपल्यातली उष्णता किती वेगाने बाहेर चाललीय हे. फरशी उष्णता भराभर ओढून घेते, चटईत हवा अडकलेली असते म्हणून ती हळू घेते. हाच हिशोब बाहेर लागू होतो. कोरडी वाळू कमी गार लागते कारण दोन कणांच्या मध्ये हवा असते, तीच वाळू ओली झाली की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट उष्णता वाहून नेतं. दंव पडलेल्या गवतावर पाय ठेवला की झिणझिण्या येतात त्या याच्याच, शिवाय पाय ओला राहिला की वाऱ्याने आणखी गार होतो. आणि आता गंमत बघा, जानेवारीत आपल्या समुद्राचं पाणी 27-28 डिग्रीच्या आसपास असतं, म्हणजे पहाटेच्या हवेपेक्षा आणि वाळूपेक्षा बरंच कोमट. त्यामुळे पहिल्या दिवशी वाळूवर पाय आखडले तर घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहा, पाय लगेच सुटतात.

कातडीत थंडी ओळखणारा एक रिसेप्टर असतो, त्याचं नाव टीआरपीएम-8. साधारण 25-26 डिग्रीच्या खाली तो जागा होतो, आणि पेपरमिंटमधल्या मेंथॉलनेही तोच जागा होतो म्हणून बाम चोळला की काही गार नसताना गार वाटतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी आपापल्या लॅबमध्ये 2002 साली तो शोधला, पुढे 2021 चं मेडिसिनचं नोबेल या दोघांनाच मिळालं, तापमान आणि स्पर्श शरीराला कसा कळतो या कामासाठी. आपल्याला कामाचं एवढंच की 20 डिग्रीची जमीन या रिसेप्टरला जागं करते, पण थंडीने खरोखरच दुखायला लागतं ते साधारण 15 डिग्रीच्या खाली. म्हणजे गोव्यात जे होतं ते नुसतं नकोसं वाटणं आहे. रोज तीच जाणीव आली आणि वाईट काही झालं नाही की मेंदू तिच्याकडे हळूहळू दुर्लक्ष करतो. ही झाली पहिली सवय, सगळ्यात सोपी.

आणखी एक गोष्ट आहे जी बहुतेकांना माहीत नसते. तळव्याच्या कातडीखाली रक्ताचे शॉर्टकट असतात, रोहिणीतून थेट शिरेत जाणाऱ्या बारीक वाटा, आणि त्यांना पाण्याच्या नळासारखी तोटी असते असं समजा. अंग गरम असेल तर शरीर ही तोटी सोडतं आणि पायात गरम रक्त धावतं, अंग गार पडलं की पोटातली आणि छातीतली ऊब वाचवायला शरीर पहिल्यांदा हातापायांची तोटी बंद करतं. म्हणून पाय गार पडले तर उपाय वर करायचा, अंगात स्वेटर, डोक्याला टोपी, आणि निघायच्या आधी चप्पल घालूनच दहा मिनिटं भराभर चालायचं, मग चप्पल काढायची. झोपेतून उठून तडक दवात उतरणाऱ्याला जे जमत नाही ते यामुळे पहिल्याच दिवशी जमतं.

बर्फाच्या देशातली गोष्ट वेगळी, ती इथे लावू नका. जर्मनीत बव्हेरियामध्ये 19 व्या शतकात सेबास्टियन क्नाइप नावाचे पाद्री होऊन गेले, ते लोकांना दवात आणि ताज्या बर्फातसुद्धा अनवाणी चालायला लावायचे, आणि तिकडे ती पद्धत अजून आहे. पण तिथे कातडी गोठायची भीती खरी असते, पाय बधिर झाला की ताबडतोब आत पळायचं हा नियम असतो. आपल्याकडे थंडीने पाय बधिर व्हायचं कारणच नाही. तरी होत असेल, किंवा बोटं पांढरीफटक पडून मग निळी-लाल होत असतील, तर दोष हवामानाचा नाही, डॉक्टरांना दाखवा.

आणि आजीची सर्दी? सर्दी व्हायरसने होते, फरशीने नाही, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण आजी अगदीच चुकीची आहे असं म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये कार्डिफला 2005 साली एक प्रयोग झाला, 180 जणांपैकी निम्म्यांचे पाय 20 मिनिटं 10 डिग्रीच्या पाण्यात बुडवले आणि निम्म्यांचे रिकाम्या टबात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या 90 पैकी 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटात 90 पैकी 5 जणांनी. यांच्यात व्हायरस होता की नाही हे तपासलं नव्हतं, लोकांनी सांगितलेली लक्षणं मोजली होती, आणि गोव्यात 10 डिग्रीचं पाणी फ्रिजमध्येच मिळतं. तरी ज्यांना आधीच नाक चोंदलंय त्यांनी त्या आठवड्यात दवात नाचू नये एवढं आजीचं ऐकायला हरकत नाही.

आता कातडी. अंगावर बऱ्याच ठिकाणी कातडीचा वरचा मेलेला थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो, तळव्यावर तो मिलिमीटरभर भरतो. घासलं-दाबलं गेलं की कातडी तो आणखी जाड करते, त्याला आपण घट्टा म्हणतो. बऱ्याच जणांना वाटतं घट्टा पडला की पाय दगड होतो, काही कळत नाही. तसं होत नाही. केनियात अनवाणी चालणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या लोकांचे तळवे मोजून एक अभ्यास झाला, 2019 मध्ये तो नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, त्यात दिसलं की अनवाणी लोकांचा घट्टा जाड आणि कडक असतो पण जमिनीचा स्पर्श त्यांना इतरांइतकाच कळतो. कडक घट्टा धक्का खालच्या नसांपर्यंत नीट पोचवतो, जाड मऊ सोल तो मधेच गिळतो. म्हणून रोज वजरी घेऊन तळवे गुळगुळीत करायची ज्यांना हौस आहे त्यांनी या दिवसांत हात आवरावा, टाचेच्या कडेला जे टोकदार वाढलंय तेवढंच घासायचं, ब्लेडने तर कधीच नाही.

थंडीत खरा त्रास भेगांचा. तळव्याच्या कातडीला केस नसतात आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथीही नसतात, नुसत्या घामाच्या ग्रंथी असतात, त्या मात्र भरपूर. म्हणजे तळव्याला स्वतःचं तेल नाहीच. डिसेंबरात जमिनीकडून कोरडा वारा सुटतो, घाम उडून जातो, कडक थर सुकतो, आणि टाच टेकली की मांसाची गादी बाजूला पसरते पण वरचा सुकलेला थर पसरत नाही, तो तडकतो. त्यात आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ बसली की भेगेची कड काळी-तांबडी दिसते आणि ब्रशने घासली तरी जात नाही.

यावर आपल्याकडचं जुनं औषध भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणतात पण थंडीत ते पिवळट पांढऱ्या लाडूसारखं घट्ट असतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका घरचं आणून विकतात. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवायचे, पुसताना पूर्ण सुकवायचे नाहीत, ओलसर असतानाच लाडवाचा तुकडा टाचेवर फिरवायचा, अंगाच्या उबेने तो हळूहळू विरघळतो, मग अंगठ्याने भेगेत दाबून वर मोजे घालून झोपायचं. ओलसर असताना लावण्यात सगळी गंमत आहे, तेल आत पाणी घालत नाही, आत असलेलं अडवून धरतं. भेगेतून रक्त येत असेल तर ती भरेपर्यंत बाहेर अनवाणी जायचं नाही, तो जंतूंना उघडा दरवाजा आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि हीच सगळ्यात हळू चालते. एका पायात 26 हाडं असतात, 33 सांधे. लहानपणापासून पाय बुटात असला तर यातली बरीच मंडळी आरामात असतात, कमान सोलवर टेकलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली. शेजारच्या कर्नाटकात कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पायाचे ठसे घेतले होते, 1992 मध्ये ते छापून आलं. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी हिंडणाऱ्यांत 2.8 टक्के, आणि चपलांपेक्षा बंद बुटांचा हिशोब जास्त वाईट. यावरून मोठ्या माणसाची पडलेली कमान अनवाणी चालून उभी राहील असं मात्र कोणी समजू नये, तो अभ्यास वाढत्या पायांचा होता.

बूट न घातलेला पाय कसा काम करतो ते बघायचं असेल तर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासळीचं जाळं, ओढली जात असताना किनाऱ्यावर जा. दोर कमरेला लावून रापणकार मागे मागे सरकतो तेव्हा टाच वाळूत रुतते, पाचही बोटं पंख्यासारखी उघडतात, अंगठा बाजूला जाऊन एकटाच वाळू धरतो, आणि प्रत्येक ओढीला पोटरीचा गोळा वर सरकतो. आपण आपल्या पायाकडे बघून अंगठा एकटा हलवायचा प्रयत्न केला तर बाकीची बोटंही सोबत उठतात. घरी टीव्हीसमोर बसून हाच व्यायाम करा, अंगठा खाली दाबून बाकीची वर, मग उलट. जमिनीवर टाकलेला पंचा बोटांनी गोळा करणं हाही चांगला.

चालही बदलावी लागते. बुटात आपण लांब पाऊल टाकून टाच आपटतो कारण सोल मार खातो. अनवाणी तसं चाललात तर पहिल्या शंभर पावलांत टाच सांगते. पाऊल आखूड करायचं, टाच आपटायची नाही, नुसती टेकवायची, आणि वजन बाहेरच्या कडेवरून चवड्यावर न्यायचं. चवडा आणि पोटरी जास्त काम करतात म्हणून दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात, ते चालायचंच, एक दिवस सोडून परत जायचं. पण पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागच्या लांब हाडांवर, बोटाने दाबलं की एका ठरावीक जागी ठणका येत असेल तर ते भरून येणं नव्हे. हाडाला बारीक चीर पडायच्या आधीची ती खूण असू शकते. अमेरिकेत 2013 मध्ये एक अभ्यास झाला, सरावलेल्या धावपटूंना दहा आठवड्यांत साध्या बुटांवरून हातमोज्यासारख्या पातळ बुटांवर आणलं, तेव्हा 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. ते धावत होते, आपण चालतोय, पण दहा आठवडे ज्यांना पुरले नाहीत ते सरावाचे लोक होते हे लक्षात ठेवा. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना ज्यांची टाच कळवळते, त्यांनी तर आधी ती बरी करावी.

सुरुवात कुठून करायची? अर्धी सुरुवात आपली झालेलीच असते, घरात चपला नसतात आणि देवळात तर नाहीतच. कार्तिकापासून माघापर्यंत आपल्याकडे जत्रा, त्यात म्हापशाचा बोडगेश्वर, फातर्पे, कवळे, मंगेशी सगळं आलं, दर्शनाच्या रांगेत तासभर दगडी प्रांगणात उभं राहणं हा वाईट सराव नाही. बाहेर पहिली जागा म्हणजे ओहोटीची ओली, घट्ट वाळू. कोलवा, बेतालबाटी, उतोर्डा हा पट्टा सपाट आहे, तो सगळ्यात चांगला, मिरामारही चालेल. कोरडी भुसभुशीत वाळू मऊ दिसते पण तिथे टाच खाली जाते आणि पोटरीला दुप्पट मेहनत पडते, ती नंतर. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या आठवड्यात सकाळी सातला पाणी खाली असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी ते वर असणार, आधी बघून निघा. किनारा उतरता असेल तर एक पाय सतत खाली राहतो आणि कंबर धरते, म्हणून जितकं गेलात तितकंच परत त्याच वाटेने या, उतार दोन्ही पायांना वाटला जातो.

पहिले दोन आठवडे दहा-पंधरा मिनिटं, तीही एक दिवसाआड, बाकी वाट चपलेने. मग गवत, मग शेताची मेर म्हणजे बांध, मग मातीची पाणंद. जांभ्याचा सडा सगळ्यात शेवटी, तो उघडा दगड वरून खडबडीत आणि कडा धारदार, आणि याच दिवसांत तिथलं गवत वाळून कुसळं झालेली असतात. मेरेवर लाजाळू असते, तिची पानं लाजतात, काटे लाजत नाहीत.

धोक्यांत थंडीपेक्षा काच मोठी. बीचवर दारू पिणं 2019 पासून दंडाचं आहे, पण 1 जानेवारीच्या सकाळी कळंगुट-बागा बाजूला वाळू बघा आणि दंड कोण भरतंय ते तुम्हीच ठरवा, तो आठवडा बूटच बरे. खडकांवरच्या कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या कापतात. कुत्री जिथे हगतात आणि बसतात त्या सावलीतल्या, भरतीरेषेच्या वरच्या वाळूत कुत्र्यांच्या पोटातल्या हुकवर्म या जंताच्या अळ्या असू शकतात. त्या कातडीतून आत शिरतात पण माणसात पुढे जाता येत नाही म्हणून कातडीतच वेडेवाकडे फिरतात, खाजणारी नागमोडी लाल रेघ उमटते. गोळीने जाते, पण रॉकेल-चुना असले प्रयोग न करता डॉक्टरांकडे जा. लाटांनी रोज धुतली जाणारी वाळू यासाठीही बरी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे याच महिन्यांत कासवं अंडी घालतात, कुंपण दिसलं की लांबून. गावात उजेड पडल्याशिवाय मेरेवर किंवा सड्यावर उतरू नका, घोणस आणि फुरसं थंडीत उन्हाला वाटेवर येऊन पडतात आणि दोन्ही पानापाचोळ्याच्या रंगाचे. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर आधी ते.

आता मधुमेह. 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा सर्व्हे आला, त्यात मधुमेहात गोवा पहिला, 26.4 टक्के, देशाची सरासरी 11.4. म्हणजे आपल्याकडे चारातला एक मोठा माणूस. साखर वर्षानुवर्षं वर राहिली की पायाच्या नसा मरतात आणि अनवाणी चालण्याचा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे ती जाणीवच जाते. काच लागली तरी कळत नाही, दुपारच्या वाळूने फोड आले तरी कळत नाही, आणि जखम भरत नाही. अशा माणसाने बाहेर अनवाणी चालायचं नाही, बीचवरही नाही, जत्रेतही मोजे घालावे. जाणीव आहे का हे डॉक्टर 10 ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या दोऱ्याने दोन मिनिटांत बघतात, साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ते करून घ्यावं. धूम्रपानाने ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी झालाय, चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं, त्यांनाही हेच लागू.

दवात चालून चष्मा जातो हे मेसेज दर डिसेंबरात फिरतात. चष्मा डोळ्याच्या आकारामुळे लागतो, तळव्याला गार लागून डोळ्याचा आकार बदलत नाही. लहान मुलं रोज बाहेर उजेडात खेळली तर त्यांना चष्मा लागायचं प्रमाण कमी होतं हे मात्र अभ्यासांत दिसलंय, त्यासाठी त्यांनी बूट घातले असले तरी चालतात.

घरी आल्यावर पाय धुवून, बोटांच्या मधे कोरडं करून, उजेडात तळवा उलटा करून बघायचा, स्वतःला दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून. बारीक काटा सेफ्टी पिनने काढायचा तर पिन आधी स्पिरिटने पुसायची. फेब्रुवारीच्या शेवटी दहा वाजताची वाळू भाजायला लागते तेव्हा वेळ पहाटेवर न्यायची, आणि मृग लागला की शेतातलं अनवाणी चालणं बंद, कारण पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात, भिजून घट्टा मऊ पडतो आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पावसाचे चार महिने घरातल्या फरशीवर अनवाणी राहा, अंगठ्याचा व्यायाम चालू ठेवा, आणि दिवाळीनंतर परत दहा मिनिटांपासून सुरू करा, गेल्या वर्षी कितीही चालला असाल तरी.